चाळीस सेकंदांचं उत्तर

४ जानेवारी, मंगळवार

मला डायरी लिहायची सवय नाही, हौसही नाही. लिहिते आहे ती माझ्या डाव्या खुब्यामुळे. हाड झिजलं आहे. मार्चमध्ये ऑपरेशन, आणि पुढे तीन महिने मी कोणाला सांभाळायचं नाही, मलाच कोणीतरी सांभाळायचं, असं सर्जनने बजावलं आहे. माझी सोय होईल. प्रश्न धाकट्याचा आहे.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. वय छप्पन्न. चोविसाव्या वर्षी कानात आवाज यायला लागले, ते औषधांनी मंद झाले, गेले नाहीत. आई गेल्यापासून एकोणीस वर्षं तो माझ्याकडे आहे. त्रास काही नाही. सांगितलं की उठतो, सांगितलं की आंघोळ करतो, सांगितलं की जेवतो. बोलत नाही, एवढंच.

अशा जुन्या आजारी माणसांसाठी एक निवास आहे. बारा खोल्या, एक स्वयंपाकघर, एक व्यवस्थापक बाई. मार्चमध्ये तिथे एक खोली रिकामी होते. मात्र आधी दहा मंगळवार त्यांच्या संगीताच्या गटात बसायचं, चार माणसांत तासभर निभतं का ते दाखवायचं, मग अहवाल, मग निर्णय. मी एकतीस वर्षं परीक्षा विभागात काढली आहेत. निकाल विरुद्ध गेला तर पुनर्तपासणीसाठी आपली स्वतःची नोंद हाताशी असावी, म्हणून ही वही. वेळा घड्याळाप्रमाणे लिहीन.

आज पहिला मंगळवार. निवासाच्या पहिल्या मजल्यावर लांबट खोली, प्लास्टिकच्या नऊ खुर्च्या गोल मांडलेल्या, एकीची पाठ तडकलेली. वाद्यं कपडे भिजवायच्या टबात ठेवलेली: खुळखुळे, घंट्या, लाकडी पट्ट्या, एक मोठा ढोल. शिकवणारी मुलगी तिशीची, केस कापलेले, पायात पळायचे बूट. मी तिला मनात संगीतवाली म्हणते. नातेवाइकांनी भिंतीशी बसायचं.

पद्धत अशी. ढोल गोलात फिरतो. ज्याच्या मांडीवर येईल त्याने हवं ते वाजवायचं, आणि बाकीच्यांनी ते जसंच्या तसं त्याला परत द्यायचं. ना राग, ना ताल, ना चूक, ना बरोबर. याला परीक्षा म्हणायचं तरी कसं, कोण जाणे.

पहिला एक निवृत्त पोस्टमन. तिथलाच रहिवासी, तोंडाचा पट्टा चालू. दार ठोठावल्यासारखं वाजवतो, ठकठक, ठक. सगळ्यांनी ठकठक, ठक परत केलं. मग एक शिवणकाम करणाऱ्या बाई, त्या नखांनी अगदी हळू टपटप करतात. मग एक आडदांड गृहस्थ, स्वतःला कप्तान म्हणवतात. जहाज आयुष्यात पाहिलेलं नाही, असं पोस्टमन माझ्याकडे वळून म्हणाला. कप्तान म्हणाले, "जहाजाने मला पाहिलंय."

मग ढोल धाकट्याकडे आला. त्याने तो मांडीवर घेतला आणि बसला. मी घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंद. मग त्याने ढोल शेजारच्याला दिला.

मला वाटलं, ही आता त्याला चुचकारेल. तिने फक्त म्हटलं, "परत देऊ या." आणि सगळेजण हात मांडीवर ठेवून गप्प बसले. एक्केचाळीस सेकंद.

शुद्ध वेळ वाया. एवढं मात्र नोंदवते की भिंतीशी बसल्या बसल्या तासभर खुबा दुखला नाही.

११ जानेवारी, मंगळवार

तेच. छत्तीस सेकंद, परत सदतीस.

मधल्या भावाचा फोन आला. तो समुद्रापार राहतो आणि तिथून सल्ले पाठवतो. म्हणाला, "ताई, ढोल बडवून कोण बरं झालंय आजपर्यंत?"

मी म्हटलं, "मग तू ये. तीन महिने तू सांभाळ."

"तसं नाही म्हणत मी. तुझी दगदग म्हणून म्हणतो."

"माझ्या दगदगीची तुला एकोणीस वर्षांनी आठवण झाली, नोंद करून ठेवते," म्हटलं. केली.

१८ जानेवारी, मंगळवार

संगीतवालीने आज धाकट्याला विचारलं, "तुम्हाला कुठला आवाज आवडतो?" मी म्हटलं, "लहानपणी त्याला बासरी आवडायची. आता गोंगाट सहन होत नाही, मिक्सरसुद्धा मी तो आंघोळीला गेला की लावते." ती म्हणाली, "ताई, मी त्यांना विचारलं होतं."

सरळ बोलली, उद्धट नाही. पण त्याची माहिती माझ्याइतकी कोणाला आहे? तो काही बोलला नाहीच. ती तरीही उत्तराची वाट बघत राहिली, जणू तो एवढ्यात बोलणार होता. सवयीने मी घड्याळ पाहिलं. बावीस सेकंद.

१ फेब्रुवारी, मंगळवार

मागच्या मंगळवारी खुब्यामुळे लिहिणं झालं नाही. आकडे दोन्ही वेळचे देते. धाकटा: अडतीस आणि चव्वेचाळीस. परत आलेले: एकोणचाळीस आणि त्रेचाळीस.

हे मला समजत नाही. परीक्षागृहात तीनशे मुलं मी शांत बसवलेली आहेत, पण धाकाने. इथे पोस्टमनला स्वतःची चप्पल सापडत नाही, कप्तान दर दहा मिनिटांनी उठून खिडकीतून क्षितिज बघून येतात, आणि ही माणसं घड्याळ न बघता एका सेकंदाच्या फरकाने थांबतात. कोणी मनात मोजत असेल म्हणून आज ओठांवर लक्ष ठेवलं. कोणी मोजत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. आणि तो, हेही लिहून ठेवते, त्यांच्याकडे. घरी तो जमिनीकडे बघतो.

पण अहवालात असलं काय लिहिणार? पुढच्या मंगळवारी व्यवस्थापक बाई स्वतः येऊन बसणार आहेत. पाच आठवडे ज्याने एक ठोका वाजवला नाही, तो गटात भाग घेतो असं त्या कशाच्या आधारावर म्हणतील? कोऱ्या पेपरला गुण देता येत नाहीत.

उपाय करायला हवा.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

पिठाचा डबा रिकामा करून उलटा ठेवला. धाकट्याला म्हटलं, "तीन ठोके. एक, दोन, तीन. जास्त नको." त्याने वाजवले. आज बारा वेळा केलं, बारा वेळा बरोबर. एवढं सोपं होतं. पाच आठवडे उगाच घालवले.

मग त्याने डबा पुसून जागेवर ठेवला, न सांगता.

७ फेब्रुवारी, सोमवार

वीस वेळा. आज त्याला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. नव्हता. जेवण निम्मं ठेवलं. उद्याची धास्ती असेल. मुलांचं होतं असं.

८ फेब्रुवारी, मंगळवार

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

व्यवस्थापक बाई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. जाड चष्मा, मांडीवर फाइल, पन्नाशीच्या. ढोल फिरला. पोस्टमन, शिवणबाई, कप्तान, मग धाकटा. त्याने ढोल घेतला, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने तीन ठोके मारले. एक, दोन, तीन. स्वच्छ.

मी व्यवस्थापक बाईंकडे बघितलं. त्या लिहीत होत्या.

संगीतवाली म्हणाली, "परत देऊ या." कोणी हललं नाही. शिवणबाई हातांकडे बघत बसल्या. कप्तान खिडकीकडे. मग पोस्टमनने आपल्या पट्ट्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, "हे याचं नाही."

"कोणाचं आहे मग?" संगीतवालीने विचारलं.

"बावीस वर्षं टपाल वाटलंय मी. चुकीच्या घरी आलेलं पाकीट हातात घेतलं की कळतं." आणि त्याने बोट माझ्याकडे केलं. "हे त्यांचं आहे. त्यांना परत द्यायचं."

आणि त्यांनी दिलं. खुर्च्या करकरल्या, सगळेच्या सगळे माझ्याकडे वळले आणि आपापल्या वाद्यावर तीन ठोके वाजवले. एक, दोन, तीन. माझ्याच मोजणीत, माझ्याच वेगाने. कोणी हसलं नाही. चिडून नाही, कुचेष्टा नाही. परत करायचं म्हणून परत केलं. फक्त धाकट्याने वाजवलं नाही. तो जमिनीकडे बघत होता.

मी काय करायला हवं होतं? मी पर्स उघडून रुमाल शोधला. रुमाल हातातच होता.

९ फेब्रुवारी, बुधवार

धाकटा खोलीतून बाहेर आला नाही. ताट दाराशी ठेवलं. औषध घेतलं, तेवढं बरं.

एकतीस वर्षांत मी किती कॉप्या पकडल्या याची मोजदाद नाही. बाहीतल्या, बुटातल्या, एकीने तर वेणीत गुंडाळून आणली होती. खिडकीखालून उत्तर पुरवणारे आईबापही पाहिले, आणि त्यांना जे बोलायचं ते बोलले. आता मी काय केलं याला दुसरं नाव नाही. परीक्षार्थीला बाहेरून उत्तर पुरवलं, तेही त्याने मागितलेलं नसताना. माझ्या विभागात असतं तर मी त्याला एक वर्षासाठी बाद केलं असतं. त्याला. मला नाही. नियमच तसा होता.

खोली जाणार. जाऊ दे, असं म्हणायची सोय नाही. ऑपरेशन चौदा मार्चला आहे.

१० फेब्रुवारी, गुरुवार

संगीतवालीला फोन केला. सगळं सांगितलं, डब्यासकट. दोष माझा आहे, अहवालात त्याच्या नावावर घालू नका, हवं तर लेखी देते, म्हटलं.

ती म्हणाली, "ताई, लेखी कशाला? गटाने परवा दिलंच की तुम्हाला."

मला हे आवडलं नाही. मग हसूही आलं. तिला ते फोनवरून कळलं असावं, कारण ती म्हणाली, "दोन वर्षं हा गट घेते मी. माझी परवानगी न घेता सगळ्यांनी मिळून काहीतरी केलं, ते परवा पहिल्यांदाच. आणि तेही कोणासाठी? जो बोलत नाही त्याच्यासाठी. मी घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते."

"आणि व्यवस्थापक बाई?"

"त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. एक विचारू? पुढच्या वेळी तुम्ही बाहेरच्या बाकावर बसाल?"

बसेन म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की दोन दिवस मी दात आवळून धरले होते. जबडा दुखत होता.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी धाकटा आपणहून तयार होऊन जिन्याशी उभा. मी पर्स उचलली तेव्हा म्हणाला, "तू आत नको."

चार शब्द असते तरी मी मोजले असते. तीनच होते. मी म्हटलं, "नाही येत. बाहेर बसणार आहे."

"हां," म्हणाला.

बाहेरचा बाक लाकडी आहे, खुब्याला वाईट. दार बंद. आतून कोण काय वाजवतं ते ओळखता येतं. ठकठक, ठक म्हणजे पोस्टमन. शिवणबाई ऐकू येत नाहीत, पण त्यांना परत दिलेलं येतं, सात जणांची नखं, पत्र्यावर धान्य सांडल्यासारखी. मग कप्तान, गडगडाट. मग काही नाही.

ते काही नाही म्हणजे धाकटा. दारापलीकडूनसुद्धा ओळखू आला. बाकीच्या वेळी खोलीत हालचाल असते, कोणी खोकतं, खुर्ची सरकते. याच्या वेळी सगळं थांबतं. इतकी माणसं त्याच्यासाठी श्वास धरून बसतात, आणि मग त्याचं त्याला परत करतात. पेपर कोरा नव्हता. मी तपासत होते वेगळ्याच विषयाच्या नमुना उत्तरांवरून.

घड्याळ पाहायचं राहून गेलं. आकडा नाही.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

खुबा. रिक्षाने गेलो. बाकावर एक उशी ठेवलेली होती, कोणी ठेवली ते कळलं नाही. विशेष काही नाही. आकडा घेतला नाही.

१ मार्च, मंगळवार

बाकावर बसले होते. ठकठक, नखं, गडगडाट, मग शांतता. आणि त्या शांततेत आत एक लांब, सणसणीत शिट्टीसारखा आवाज झाला. कोणाचं तरी नाक. मग कोणीतरी हसलं. दबकं, घशातून, अडकत अडकत, मोटार सुरू होत नसताना करते तसं. कोण ते ओळखता आलं नाही. नवीन कोणी आलं असेल असं वाटलं. लगेच सगळी खोली तशीच हसली, अडकत अडकत, घशातून. मग खरोखरच हसली, आणि ते बराच वेळ आवरेना.

दार उघडल्यावर कप्तान ऐटीत बाहेर आले. पोस्टमन मागून, "झोपले होते हे. ढोल पुढे दिला आणि घोरले. जहाजाचा भोंगा वाजला."

"मी डोळे मिटून दिशा बघत होतो," कप्तान म्हणाले.

मी संगीतवालीला विचारलं, "नवीन कोण आलंय गटात?"

"कोणी नाही. का?"

"ते हसणारे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचा भाऊ, ताई. त्यांच्या पाळीला ते हसले. मग आम्ही परत दिलं."

रिक्षात मी त्याला विचारलं, "तू हसलास?" तो म्हणाला, "तो घोरला ना." एवढं सोपं कारण. मी बाहेर बघत बसले, कारण डोळ्यांत धूळ गेली होती. सगळ्या सिग्नलला गेली.

३ मार्च, गुरुवार

अहवाल मिळाला, दहाव्या मंगळवारच्या आधीच. व्यवस्थापक बाईंनी कार्यालयात बोलावून हातात दिला. मी उभ्यानेच वाचायला लागले, त्यांनी खुर्ची ओढून दिली.

मी शब्दशः उतरवते. "आपल्या पाळीची वाट बघतात. पाळी घेतात, वापरतात आणि वेळेत पुढे देतात. इतरांच्या पाळीला पूर्ण लक्ष देतात. गटातील इतर रहिवासी त्यांच्या बाजूने उभे राहतात. खोली द्यावी."

मी विचारलं, "आठ तारखेला तुम्ही लिहीत होता. काय लिहिलंत?"

"शेवटून दुसरं वाक्य," त्या म्हणाल्या. "तेव्हाच लिहिलं. पोस्टमनने बोट केलं ना, तेव्हा. माझं निम्मं काम त्यांनी करून टाकलं."

"आणि पहिली तीन?"

"ती पहिल्याच आठवड्याची. त्या मुलीच्या नोंदीतून घेतली. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

नाही सांगितलं. म्हणजे मी त्याला डबा वाजवायला बसवलं तेव्हा तो पास होऊन महिना झाला होता. मला स्वतःचा राग यायला हवा होता, पण तेवढं त्राण नव्हतं. घरी आले, चष्मा न काढता आडवी झाले आणि भर दुपारी दोन तास झोपले. उठले तेव्हा धाकट्याने चहा केला होता. पातळ होता. दोन कप प्याले.

८ मार्च, मंगळवार

दहावा मंगळवार. नंतर खोली बघायची होती. ऐन वेळी दोन रिकाम्या झाल्या आहेत, म्हणून निवड. मागची खोली शांत, ऊन येतं, झाड दिसतं. पुढची जिन्याला लागून, पलीकडे स्वयंपाकघर, दिवसभर भांडी आणि चपला. मी म्हणणार होते, मागची. शब्द तोंडात होता. व्यवस्थापक बाई त्याच्याकडे बघत होत्या, म्हणून मीही बघितलं आणि थांबले. सोपं नाही ते.

तो दोन्हीकडे जाऊन आला. मग म्हणाला, "पुढची."

"इथे आवाज फार आहे," मी म्हटलंच शेवटी.

"हो," तो म्हणाला. "खरे आवाज असले की बाकीचे गप्प बसतात."

बत्तीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं मी त्याच्यासाठी घर शांत ठेवलं. मिक्सर तो आंघोळीला गेला की लावायचा, रेडिओ बंद, शेजारच्या मुलांना दटावायचं. मी त्याला म्हटलं, "आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तुला शांतता आवडते असं वाटलं."

मला आवडत नाही. मला गप्पा आवडतात. कॉलेजात असताना मला वसतिगृहाच्या खोलीत गडबड केली म्हणून दोनदा ताकीद मिळाली होती. हे मी त्याला सांगितलं. व्यवस्थापक बाईंनी फाइलमधून मान वर करून पाहिलं.

मधल्याचा फोन आला. "मिळाली खोली? वा. म्हणजे ढोल कामाला आला म्हणायचा." मी म्हटलं, "ढोल नाही." त्याला समजावून सांगत बसले नाही. मजेत होते.

१२ मार्च, शनिवार

आज सकाळी साडेदहा वाजता निवासाच्या कार्यालयात सुपूर्द केलं ते असं:

औषधं, चार आठवड्यांची, सकाळ आणि रात्रीच्या वेगळ्या डब्यांत. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची फाइल, एकोणीस वर्षांची, वर्षवार. ओळखपत्राच्या दोन प्रती. सदरे सहा, पँट चार, स्वेटर दोन, आतले कपडे. चपलांचा एक जोड, बुटांचा एक. दाढीचं सामान. चादरी तीन, उशी एक, घोंगडी एक. छत्री. माझा फोन नंबर, सर्जनचा नंबर, मधल्याचा नंबर.

यादी मी दोन प्रतींत करून नेली होती. खाली "देणार" आणि "घेणार" अशा दोन रेघा. व्यवस्थापक बाईंपुढे कागद ठेवला, त्यांनी तो फिरवून धाकट्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "सामान त्यांचं आहे. घेणार ते."

त्याने यादी वाचली. ओळीवर बोट ठेवून, सावकाश. मग पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाला, "चादरी चार आहेत."

मी मोजल्या. चार होत्या. माझी चूक. त्याने दोन्ही प्रतींवर तीनचे चार केले, बाजूला आद्याक्षरं टाकली, खाडाखोड केल्यावर टाकायची असतात तशी, आणि "घेणार" या रेघेवर पूर्ण नाव लिहून सही केली. अक्षर अजून चांगलं आहे. "देणार" वर मी केली.

एक प्रत त्याच्याकडे, एक माझ्याकडे. खोलीच्या किल्ल्या दोन. एक कार्यालयात राहते. दुसरी त्याने घेतली. मी मागितली नाही.